प्रचाराचा मुहूर्त

आपल्या घरांतून कोणतेंहि कार्य निघालें कीं पहिला प्रश्न मुहूर्ताचा. मुंज असो, लग्न असो वा वास्तुशांति असो, पंचांग उघडल्यावांचून पाऊल पुढें पडत नाहीं. ज्यांचा पंचांगावर विश्वास नाहीं तेहि मुलांच्या परीक्षा, कार्यालयाची सोय आणि पाहुण्यांच्या रजा पाहून दिवस ठरवितात. म्हणजे मुहूर्त तेहि पाहतातच, त्यांचें पंचांग तेवढें निराळें. राजकीय प्रचारालाहि असाच मुहूर्त लागतो. तो कोणीं पाहावयाचा आणि कोणाच्या सोयीनें पाहावयाचा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु तो तसा नाहीं, हें २०२४ सालच्या दिवाळींत मुरबाडकडील एका घरगुती वादावरून माझ्या ध्यानांत आलें.

माझ्या धाकट्या बहिणीचें सासर मुरबाड तालुक्यांतील एका खेड्यांत आहे. घर जुन्या वळणाचें, माणसें तीन पिढ्यांचीं, स्वयंपाक एकच. बहिणीचे सासरे तात्या निवृत्त शिक्षक. थोरले दीर अण्णा शेतीवाडी पाहतात, आणि आसपासच्या चार वाड्यांत त्यांचा शब्द चालतो. अण्णांचा मुलगा कल्याणास नोकरीला आहे. मुरबाडला रेल्वेचा रूळ पोहोचलेला नसल्यामुळें बिचारा रोज मोटारीनें जा-ये करतो. बहिणीची नणंद शहापुरास दिलेली. तीहि यजमानांसह भाऊबिजेस आली होती. त्यामुळें मुरबाड आणि शहापूर असे दोन मतदारसंघ त्या दुपारीं एकाच ओटीवर जमले होते. पक्ष सर्वांचा एकच. तो कोणता हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. प्रतिपक्षाशीं होणारा वाद सभ्यपणानें लवकर आटोपतां येतो. एकाच पक्षाच्या दोघांतला वाद मात्र पानें वाढून झालीं तरी संपत नाहीं.

तो दिवस ३ नोव्हेंबरचा, रविवारचा. विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली होती. अर्जांची मुदत २९ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन धनत्रयोदशीला संपली होती. माघारीचा दिवस दुसऱ्याच दिवशीं, ४ नोव्हेंबरला होता. मतदान २० ला आणि मोजणी २३ ला. मतदान संपण्यापूर्वींच्या अठ्ठेचाळीस तासांत जाहीर प्रचार करावयाचा नाहीं असा कायदा असल्यामुळें १८ तारखेच्या सायंकाळीं भोंगे बंद व्हावयाचे होते. म्हणजे उमेदवारांची अखेरची यादी हातीं आल्यावर प्रचाराला उरत होते जेमतेम चौदा दिवस, आणि तेहि भातकापणीचे.

वादाचें कारण माळ्यावर होतें. उमेदवाराच्या कचेरींतून आलेले पत्रकांचे दोन गठ्ठे अण्णांनीं माळ्यावर टाकून ठेवले होते आणि १० तारखेच्या आधीं एकहि कागद बाहेर काढावयाचा नाहीं असें ठरविलें होतें. मुलाला तें मुळींच मान्य नव्हतें.

अण्णा म्हणाले, ‘‘कोण उभा राहिला आणि कोण बसला हें उद्यां ठरेल. त्याआधीं पत्रकें वाटणें म्हणजे वरपक्षाचा होकार येण्यापूर्वीं मांडव घालणें. आज कागद हातीं दिला तर वीस तारखेपर्यंत त्याची चुलींत राख झालेली असेल. शिवाय आपला मुद्दा आज उघड केला कीं प्रतिपक्ष परवां त्याला उत्तर घेऊन हजर! शेवटच्या आठ दिवसांत झोडपून काढलें पाहिजे. मनुष्य मत देतो तें शेवटीं कानांवर पडलेल्या नांवाला.’’

मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, दसऱ्यापासून त्यांचे फलक नाक्यानाक्यावर लागले आहेत, आणि मोबाइलवर तर त्यांचें तोंड पाहिल्याशिवाय दिवस उजाडत नाहीं. आपण मात्र वरातीमागून घोडें न्यावयाचें!’’

शहापूरचे जावई स्वभावानें शांत. त्यांनीं निराळाच मुद्दा काढला. ‘‘नांव सांगावयास आठ दिवस पुरतात,’’ ते म्हणाले, ‘‘पण चिन्ह ओळखीचें व्हावयास पुरत नाहींत. साताऱ्याचें आठवतें ना?’’

साताऱ्याचें सर्वांनाच आठवत होतें. राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष दुभंगल्यावर घड्याळ हें चिन्ह अजित पवार यांच्या पक्षाकडे गेलें, आणि शरद पवार यांच्या पक्षाला २०२४ च्या फेब्रुवारींत ‘तुतारी वाजविणारा माणूस’ हें नवें चिन्ह मिळालें. २४ फेब्रुवारीला रायगडावर समारंभ करून तें लोकांपुढें मांडण्यांत आलें. तेथून लोकसभेच्या मतदानापर्यंत अवघे अडीच-तीन महिने. साताऱ्यांत त्या पक्षाचे उमेदवार ३२,७७१ मतांनीं पडले, आणि तुतारीसारख्याच दिसणाऱ्या वाद्याचें चिन्ह घेतलेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मतें पडलीं. हीं सगळीं मतें चुकून पडलीं असें छातीठोकपणें म्हणतां येणार नाहीं. पण मनुष्य डोक्याला हात लावून बसेल असेच हे आंकडे आहेत.

यावर तात्यांनीं चष्मा पुसला. शिक्षकाचा पिंड, वर्तमानाची गोष्ट निघाली कीं त्यांना इतिहास आठवावयाचाच. ते म्हणाले, ‘‘चिन्हांची गरज कां पडली हें तुम्हां मुलांना ठाऊक आहे काय? १९५१-५२ सालच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत शंभरांतल्या अठरा-एकोणीस लोकांनाच अक्षरओळख होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, आणि पेटीवर त्याचें चित्र. ज्याला वाचतां येत नाहीं त्याचें चित्र हेंच अक्षर. आणि अक्षर गिरवून घ्यावयास वर्ष लागतें रे, आठवडा पुरत नाहीं!’’

मग त्यांनीं दांडीची गोष्ट सांगितली. मीठ उचलावयाचें तर तें साबरमतीहून आगगाडीनें एका दिवसांत जाऊनहि उचलतां आलें असतें. परंतु गांधीजींनीं २ मार्च १९३० ला व्हाइसरॉयला पत्र लिहून बेत आधीं कळविला, १२ मार्चला अठ्ठ्याहत्तर सोबत्यांसह पायीं निघाले आणि ६ एप्रिलला मीठ उचललें. काँग्रेसमधील भल्याभल्यांना मिठाचा मुद्दाच आरंभीं पटला नव्हता. त्या पायीं चालींत मात्र गांवोगांवचीं माणसें रस्त्याच्या कडेला आलीं, देशोदेशींच्या वृत्तपत्रांत वार्ता गेल्या, आणि मूठभर मिठाचा अर्थ शेवटच्या झोपडींत पोहोचला. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळींहि तेंच घडलें. १९५७ च्या आरंभीं निवडणुका व्हावयाच्या होत्या. आचार्य अत्रे यांनीं ‘मराठा’ दैनिक १५ नोव्हेंबर १९५६ ला काढलें, आणि शाहिरांचे फड तर त्याच्याहि आधींपासून गांवें जागवीत होते. मतदानाच्या दिवशीं लोकांना नवें असें कांहीं सांगावयाचें उरलेंच नव्हतें.

‘‘म्हणजे माझेंच खरें,’’ नातू म्हणाला.

‘‘थांब,’’ तात्या म्हणाले. ‘‘गप्प राहण्याचाहि एक मुहूर्त असतो. आपल्याच तालुक्यांतला सिद्धगड घे. १९४२ सालीं माथेरानच्या भाई कोतवालांनीं आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडले. त्या माणसांनीं आपला बेत कोणाला सांगितला असता तर एक मनोराहि पडला नसता. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानांत कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलें. तेव्हां सरसकट आधीं बोलावें असें मी म्हणत नाहीं. लपून लढावयाचें असेल तर मौन पाहिजे. पण ज्याच्याजवळ मत मागावयाचें त्याच्यापासूनच गोष्ट लपवून ठेवणें, हें मात्र मला समजत नाहीं.’’

अण्णा निरुत्तर झाले नाहींत, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असेंहि नाहीं. पक्षांच्या याद्या अगदीं अखेरच्या दिवसांत बाहेर पडतात. उमेदवारच ठरला नसेल तर कार्यकर्त्यानें दारोदार कोणाचें नांव घेऊन जावयाचें? अर्ज भरल्या दिवसापासून निकालापर्यंतचा सर्व खर्च उमेदवाराच्या हिशेबांत धरला जातो, आणि विधानसभेला त्याची मर्यादा ४० लाख रुपयांची आहे. तेव्हां पैसा आरंभींच उधळला तर शेवटीं हात आंखडता घ्यावा लागतो. खेड्यांत कापणीच्या दिवसांत दुपारीं घरीं माणूस भेटत नाहीं, आणि रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं. हे सर्व हिशेब अण्णांनीं बोटांवर मोजून दाखविले. त्यांत चूक एकच होती: ते सारे उमेदवाराच्या सोयीचे होते.

ती चूक माझ्या बहिणीनें दाखविली. चहाचे पेले उचलतां उचलतां ती म्हणाली, ‘‘भावोजी, वाडीवरची ती कातकरीण सकाळींच मजुरीचे पैसे घेऊन गेली. भट्टीवाल्याची उचल घेतलेली आहे. परवां गाडी येणार आणि सगळीं भिवंडीकडे वीटभट्टीवर जाणार. आतां तीं पावसाच्या तोंडावर परत येतील. तुमचें पत्रक दहा तारखेला निघालें तर तें काय त्यांच्या बंद दारांना वाचून दाखवायचें?’’

ओटीवर क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग जावई म्हणाले कीं, उमेदवारानें मतदारांना वाहनें पुरविणें हा गुन्हा आहे, तेव्हां त्यांना आणण्याची सोय करतां येणार नाहीं. परंतु मतदानाच्या दिवशीं रोजंदारीच्या मजुरालाहि पगारी सुटी मिळावी असें कायदा म्हणतो, तेवढें तरी त्यांना जाण्यापूर्वीं सांगतां येईल. ‘‘सांगूं, सांगूं,’’ असें अण्णा म्हणाले. पण गठ्ठे माळ्यावरच राहिले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी निघून आलों.

पुढें बहिणीच्या दूरध्वनीवरून कळलें तें असें. १० तारखेला अण्णा व त्यांचा मुलगा पत्रकें घेऊन वाडीवर गेले, तेव्हां निम्म्याहून अधिक झोपड्यांचीं दारें दोरीनें बांधलेलीं होतीं. एक म्हातारा, दोन-चार शेळ्या आणि शाळेसाठीं मागें ठेवलेलीं कांहीं मुलें. अण्णांनीं पत्रकें म्हाताऱ्याच्या हातीं दिलीं. त्यानें तीं उलटींच धरलीं होतीं.

२३ तारखेला निकाल लागले. मुरबाडमध्यें भारतीय जनता पक्षाचे किसन कथोरे पन्नास हजारांहून अधिक मतांनीं निवडून आले. एवढ्या मोठ्या अंतरापुढें एका वाडीचीं मतें ती काय! अण्णांची पत्रकें आठ दिवस आधीं गेलीं असतीं तरी निकाल बदलला नसता, हें अगदीं खरें. पण शेजारच्या शहापूरचा निकाल पाहा. तेथें दौलत दरोडा यांनीं पांडुरंग बरोरा यांचा अवघ्या १,६७२ मतांनीं पराभव केला, आणि ‘ट्रम्पेट’ हें वाद्य चिन्ह म्हणून घेतलेल्या अपक्ष उमेदवाराला ३,८९२ मतें पडलीं.

शहापूरची कथा मोठी उद्बोधक आहे. हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठीं राखीव असून ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांची येथें मोठी वस्ती आहे. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही निवडणुकींत मुख्य सामना या दोघांतच झाला. परंतु चिन्हें मात्र घरोघर फिरलीं. २०१४ सालीं घड्याळ बरोरा यांच्याकडे होतें आणि धनुष्यबाण दरोडा यांच्याकडे. २०१९ सालीं नेमकी अदलाबदल झाली: घड्याळ दरोडांचें आणि धनुष्यबाण बरोरांचा. २०२४ सालीं घड्याळ दरोडांकडे राहिलें आणि बरोरांच्या हातीं नवी तुतारी आली. ज्या आजीबाईनें घड्याळावरच बोट ठेवावयाचें एवढें मनाशीं घट्ट धरलें असेल, तिनें दहा वर्षांत दोन परस्परविरुद्ध माणसांना मत दिलें! तिला अडाणी म्हणून हंसणें सोपें आहे. पण माणूस बदलला, पक्ष बदलला, चित्र बदललें, हें तिच्या ओसरीवर बसून सावकाश समजावून सांगण्यास कोणाला सवड झाली होती काय?

अशा वेळीं समर्थकांपुढें मोठेंच कोडें उभें राहतें. सारख्या दिसणाऱ्या चिन्हाविषयीं लोकांना आधींपासून सावध करावें, तर आपणच त्या चिन्हाची जाहिरात केल्यासारखें होतें. न करावें, तर चूक होण्याचा संभव. माझ्या मतें याचें उत्तर काळाच्या पोटांतच आहे. शेवटच्या दोन दिवसांत ‘तें नव्हे, हें’ असा ओरडा केला तर ऐकणाऱ्याच्या कानांत दोन्ही शब्द सारखेच घुमतात. तेंच सहा महिने आधीं आपलें चित्र एकदां स्वच्छ ओळखीचें करून दिलें असेल तर दुसऱ्याचें नांव काढावयाचें कारणच पडत नाहीं. सोनें पारखावयास शिकविलें म्हणजे पितळेवर व्याख्यान द्यावें लागत नाहीं.

मुद्द्यांचेंहि असेंच आहे. शहापूर तालुक्यांत तानसा आणि भातसा हे मुंबईची तहान भागविणारे जलाशय. तानसाचें धरण तर १८९२ सालचें. त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहत हंडे घेऊन बसावें लागतें. हा प्रश्न कार्तिकांत, विहिरी भरलेल्या असतांना, पत्रकांत छापला तर तो कोणाच्या मनाला भिडावयाचा? तहान लागल्यावर विहीर खणूं नये हें खरें; पण तहान नसतांना विहिरीची गोष्ट कोणी ऐकत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. ज्याला पाण्यावर मत मागावयाचें आहे त्यानें वैशाखांत त्या हंड्यांच्या रांगेंत उभें राहिलें पाहिजे. मग निवडणूक कार्तिकांत असो कीं माघांत असो.

अण्णांचा एक युक्तिवाद मला अद्याप खटकतो. मुद्दा आधीं सांगितला तर प्रतिपक्ष उत्तर देईल, ही त्यांची भीति. परंतु उत्तर दिल्यानें जो मुद्दा विरघळतो तो मतदाराच्या पदरांत घालण्याच्या लायकीचा होता काय? कायद्यानें अखेरच्या अठ्ठेचाळीस तासांत जाहीर प्रचार थांबविला आहे. मतदानाच्या व त्याच्या आदल्या दिवशीं वृत्तपत्रांत येणाऱ्या राजकीय जाहिराती आधीं तपासून घेण्याची अट घातली आहे. प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव सक्तीचें केलें आहे. या सर्वांच्या मागें एकच विचार दिसतो: शेवटच्या घटकेस उठविलेल्या आवईला उत्तर द्यावयास कोणाला अवसर मिळत नाहीं, म्हणून मतदाराला थोडी शांतता मिळाली पाहिजे. जो पक्ष आपलें सांगणें आधीं सांगतो तो प्रतिपक्षाला उत्तराची आणि मतदाराला विचाराची संधि देतो. जो तें शेवटासाठीं राखून ठेवतो तो नकळत दोघांचीहि संधि हिरावून घेतो.

आपल्या वाचकांपैकीं बहुतेक घरांत कोणत्या ना कोणत्या पक्षाची बाजू घेणारीं माणसें असतात आणि जेवतांना वादहि होतात. ते जरूर व्हावेत. एक मात्र सुचवावेंसें वाटतें. पत्रक केव्हां काढावें याचा वाद घालण्यापूर्वीं ज्याच्यासाठीं तें काढावयाचें त्याचें पंचांग एकदां उघडून पाहावें. ठाण्याच्या या ग्रामीण भागांत तें पंचांग भाताचें आहे. हळवें भात आधीं कापतात, मग निमगरवें, शेवटीं गरवें, मग झोडणी, दिवाळी सरतांच भट्टीची वाट, पौषांत म्हसा येथील यात्रा, जेथें सारा तालुका गुरें आणि घोंगड्या पाहत हिंडतो, मग लग्नसराई, पाण्याची वणवण आणि पुन्हां पेरणी. यांत सवडीचे दिवस कोणते आणि घर रिकामें असण्याचे कोणते, हें त्या घरांतील बाईइतकें दुसऱ्या कोणाला कळत नाहीं. आमच्या ओटीवरहि तें कळलें माजघरालाच.

पुढल्या जूनमध्यें पहिला पाऊस पडला आणि वाडीवरचीं दारें पुन्हां उघडलीं. ती कातकरीण राबाची राख पसरलेल्या शेतांत कामाला आली, तेव्हां बोलतां बोलतां तिनें माझ्या बहिणीला विचारलें, ‘‘बाई, मतं झाली का?’’ मतदानाला सात महिने होऊन गेले होते.

बहिणीनें हें घरांत सांगितलें तेव्हां अण्णा कांहीं बोलले नाहींत. जेवण झाल्यावर त्यांनीं भिंतीवरची दिनदर्शिका खालीं उतरविली, ऑक्टोबरचें पान काढलें, आणि दसऱ्यापुढील आठवड्यावर पेन्सिलीनें दोनच शब्द लिहिले: ‘वाडी आधीं.’